पडद्याखाली गेलेलं बटण

माझी आत्या 71 वर्षांची आहे. आयुष्यभर हिशेबाचं काम केलं आणि अजूनही ओळखीच्या दोन-तीन दुकानांच्या नोंदी ती घरच्या संगणकावर करते. तिच्या दोन्ही डोळ्यांतला मॅक्युला, म्हणजे दृष्टिपटलाचा नेमकं टिपणारा मधला भाग, वयोमानानं झिजत चालला आहे. चष्मा लावूनही नजर 6/60 च्या आसपास. मागच्या दिवाळीत मी तिच्या संगणकाचं स्केलिंग, म्हणजे पडद्यावरचं सगळं किती मोठं दिसावं ते माप, 100 वरून 200 टक्क्यांवर नेलं. अक्षरं दुप्पट झाली तशी ती हरखून गेली. दहा मिनिटांत हाक आली, "अरे, नोंद तर भरली, पण सेव्ह कुठंय?"

सेव्हचं बटण पडद्याच्या खाली गेलं होतं. हिशेबाच्या प्रोग्रामची ती खिडकी लहान करता येत नव्हती आणि तिला स्क्रोलही नव्हता. अक्षरं मोठी झाली आणि काम मात्र अडलं.

असं का होतं, हे समजून घ्यायला डोळ्यापासून सुरुवात करावी लागते. 6/60 म्हणजे निरोगी डोळा जे अक्षर 60 मीटरवरून ओळखतो, ते ओळखायला आत्याला 6 मीटरवर यावं लागतं. नेदरलँड्समधल्या युट्रेख्टचे नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी 1862 मध्ये जो तक्ता केला, त्याचा पाया मिलिमीटर नाही, कोन आहे. निरोगी नजरेला अक्षर जेमतेम ओळखायला डोळ्याशी 5 कला, म्हणजे एका अंशाचा बारावा भाग, एवढा कोन पुरतो. पडदा 60 सेंटिमीटरवर असेल तर याचा अर्थ सुमारे 0.9 मिलिमीटर उंचीचं अक्षर. आत्याला त्याच्या दहापट, म्हणजे 9 मिलिमीटर लागतं.

आता पडद्याकडे पाहू. 24 इंची साध्या पडद्यावर 100 टक्क्यांना मेनूमधलं मोठं इंग्रजी अक्षर सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास भरतं. 200 टक्के केलं तरी साडेचार. उरलेली कसर आत्या पुढं वाकून भरून काढते, कारण अंतर निम्मं झालं की कोन दुप्पट होतो. "इतक्या जवळून बघू नकोस, डोळे बिघडतील" असं तिला घरातले सगळे सांगतात. ते चूक आहे. जवळ जाणं हेच तिचं पहिलं भिंग आहे आणि त्यानं दृष्टिपटलाला काहीही इजा होत नाही. फक्त या वयात डोळ्यातलं भिंग जवळच्या वस्तूवर स्थिरावू शकत नाही, म्हणून 30 सेंटिमीटरवरून वाचायला 3 च्या थोड्या पुढच्या नंबरचा जवळचा चष्मा लागतो.

आणि एवढं करून अक्षर फक्त ओळखू येतं. वाचन त्याच्या पुढचं. मिनेसोटा विद्यापीठातले गॉर्डन लेग आणि त्यांचे सहकारी 1980 च्या दशकापासून हे मोजत आले आहेत: अक्षर एका ठरावीक आकाराखाली गेलं की वाचनाचा वेग कोसळतो, त्या आकाराच्या वर तो बराच काळ सपाट राहतो. ओघानं वाचायचं तर जेमतेम ओळखू येणाऱ्या आकाराच्या वर चांगलीच शिल्लक हवी.

संगणकाला मात्र कोन कळत नाही, त्याला पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे बारीक ठिपके, कळतात. विंडोजनं एका इंचात 96 पिक्सेल धरले, जुन्या मॅकिंटॉशनं 72, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी बटण इतके पिक्सेल रुंद, खिडकी इतके पिक्सेल उंच असे आकडे थेट लिहून टाकले. 1920 बाय 1080 च्या पडद्यावर 200 टक्के स्केलिंग केलं की प्रोग्रामच्या हिशेबानं जागा उरते 960 बाय 540. ज्या खिडकीची उंची 640 पिक्सेल अशी गोठवलेली आहे, तिचे तळचे 100 पिक्सेल पडद्याबाहेर जाणार. आणि ‘ओके’, ‘सेव्ह’, ‘पुढे’ ही बटणं नेमकी तळाशीच असतात.

ज्या प्रोग्रामना स्केलिंगची जाणीवच नाही, त्यांच्यासाठी 2007 च्या विंडोज व्हिस्टापासून एक तोडगा आला. प्रोग्रामनं 96 च्याच हिशेबानं चित्र काढायचं आणि विंडोजनं ते चित्र ताणून मोठं करायचं. ताणलेल्या चित्राच्या कडा विरघळतात. चांगल्या नजरेला हे फक्त खटकतं. पण अल्पदृष्टीच्या माणसाची कॉन्ट्रास्ट, म्हणजे गडद-फिक्यातला फरक, टिपण्याची क्षमताही बहुधा घटलेली असते, त्यामुळे तिथं आकारात मिळवलेलं पुसट कडांत घालवलं जातं. 2012 च्या सुमारास दाट पिक्सेलचे लॅपटॉप आले आणि मगच बऱ्याच कंपन्यांनी प्रोग्राम दुरुस्त करायला घेतले. अल्पदृष्टीची माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून पडद्याला नाक लावून बसली होती, याचं मला वाईट वाटतं.

विंडोजची कळ आणि अधिकचं चिन्ह एकत्र दाबलं की मॅग्निफायर हे भिंग उघडतं. कुठल्याही प्रोग्रामवर ते चालतं, हा त्याचा मोठा गुण. पण चौपट केलं की पडद्याचा सोळावा भागच समोर राहतो. चूक झाल्याची सूचना दुसऱ्या कोपऱ्यात उघडली तर पत्ताच लागत नाही.

शिवाय मोठं म्हणजे चांगलं, हेही सगळ्यांना लागू नाही. वाढलेल्या काचबिंदूत किंवा रेटिनायटिस पिग्मेंटोसा या दृष्टिपटलाच्या आजारात मधली नजर टिकून कडेची जाते, आणि माणूस जणू नळीतून पाहतो. अक्षर दुप्पट केलं तर त्या नळीत निम्मी अक्षरं मावतात. अशा माणसाला गडद पार्श्वभूमी आणि ठळक, रंगीत कर्सर जास्त उपयोगी. म्हणून एकच ‘मोठं करा’ पुरत नाही. विंडोजच्या ॲक्सेसिबिलिटीत फक्त मजकूर 225 टक्क्यांपर्यंत वाढवायची सोय वेगळी आहे, ती पुष्कळांना माहीत नसते. तीही चालते ती प्रोग्रामनं मान दिला तरच.

मराठी मजकुराची एक जास्तीची अडचण आहे. देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार, अशी दोन्हीकडे जागा लागते. बटणाची उंची पिक्सेलमध्ये गोठवून आत अक्षर वाढवलं की खालचा भाग छाटला जातो आणि ‘पुसा’चा ‘पसा’ होतो. शिवाय घ आणि ध यांना वेगळं करणारी फट इतकी बारीक असते, की इंग्रजीला पुरणारा आकार मराठीला पुरेलच असं नाही.

वेबपानांसाठी 2018 पासून आंतरराष्ट्रीय निकष आहे: पान 400 टक्के मोठं केलं तरी मजकूर नव्यानं मांडला जावा, आडवं सरकवावं लागू नये. डेस्कटॉपवरही हे जमतं. खिडकीतल्या जागा अक्षराच्या मापानं ठरवायच्या आणि मावत नसेल तिथं स्क्रोल द्यायचा, एवढंच. विंडोजच्या डायलॉगची, म्हणजे माहिती विचारणाऱ्या छोट्या खिडक्यांची, मोजमापं तर फार पूर्वीपासून फाँटच्या रुंदी-उंचीवर बेतलेली आहेत. सोय होती, वापरली गेली नाही.

आत्याचा पडदा आता हलत्या दांड्यावर आहे, ओढून 30 सेंटिमीटरवर आणता येतो. जवळचा नवा चष्मा झाला. आकडे तपासताना ती भिंग उघडते. हिशेबाची ती खिडकी मात्र 200 टक्क्यांवर अजूनही मावत नाही. शेवटच्या रकान्यानंतर टॅब चार वेळा आणि मग एंटर, हे तिनं पाठ केलंय. न दिसणारं बटण ती मोजून दाबते.