मरूउद्यानातले थांबे : नाव राष्ट्रीय उद्यानाचे, कायदा अभयारण्याचा

वरोरा-भद्रावतीकडच्या शेतांत माळढोक पक्षी दिसल्याच्या नोंदी आहेत, पण बोटांवर मोजण्याइतक्या. पऱ्हाटी-तुरीच्या धुऱ्यावर त्याची वाट बघण्यापेक्षा थेट राजस्थानातल्या जैसलमेरचे मरूउद्यान (डेझर्ट नॅशनल पार्क) गाठावे, असे इकडच्या पक्षीवेड्यांना वाटते ते त्यामुळेच. पण विदर्भातला माणूस तिकडे ताडोब्याचा हिशेब मनात धरून जातो: गेट, बुकिंग, जिप्सी, गाइड, आत जायची वेळ, बाहेर यायची वेळ. वाळूच्या टेकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सम गावाच्या रस्त्याला लागल्यावर यातले काहीच जुळत नाही. शेळ्या लागतात, उंट लागतात, ढाण्या (म्हणजे शेतातल्या वस्त्या) लागतात, मग तंबूंची लांब रांग. उद्यान सुरू कुठे झाले, हेच कळत नाही.

हा गोंधळ पाहुण्याचा नाही, कागदाचा आहे, आणि तिथले थांबे आज जसे आहेत ते त्या कागदामुळेच.

1980 साली जैसलमेर आणि बारमेर या दोन जिल्ह्यांतले 3,162 चौरस किलोमीटर क्षेत्र अधिसूचित झाले. आकार डोळ्यांपुढे आणायचा तर ताडोब्याचा आख्खा कोअर (गाभ्याचे राखीव क्षेत्र) साधारण 625 चौरस किलोमीटर, म्हणजे त्याच्या पाचपट. (आणि आपण ज्या कोअरला सरसकट ‘ताडोबा नॅशनल पार्क’ म्हणतो, त्यातले 1955 चे राष्ट्रीय उद्यान फक्त 116.55 चौरस किलोमीटर. उरलेले 1986 चे अंधारी अभयारण्य. नावांचा घोळ आपल्याकडेही आहेच.) जैसलमेरची ती अधिसूचना मात्र अभयारण्याची होती. राष्ट्रीय उद्यान करण्याचा इरादा त्यानंतर जाहीर झाला, आणि गाडी तिथेच अडली.

1972 च्या वन्यजीव कायद्यात राष्ट्रीय उद्यान एका कागदाने होत नाही. कलम 35 खाली आधी इरादा जाहीर करायचा. मग त्या हद्दीतल्या लोकांचे हक्क तपासायचे: कोणाची खातेदारी जमीन, कोणाची विहीर, कोणाच्या गुरांचा वहिवाटीचा रस्ता. ते हक्क विकत घ्यायचे किंवा दुसरीकडे द्यायचे, आणि हे सगळे मिटल्यावरच अंतिम अधिसूचना काढायची. ती निघाली की चराई पूर्ण बंद. अभयारण्यात चराईवर नियंत्रण आणता येते, सरसकट मनाई येत नाही. आता 3,162 चौरस किलोमीटरमध्ये सत्तरहून अधिक गावे-ढाण्या आणि शेळ्या-मेंढ्यांवर जगणारी माणसे. ताडोब्यातून एकेक गाव उठवायला किती वर्षे गेली ते चंद्रपूरवाल्यांना सांगायला नको. अंतिम अधिसूचना निघालीच नाही. पाटीवर, नकाशात, तिकिटावर ‘राष्ट्रीय उद्यान’ राहिले आणि कायद्याने ते अभयारण्यच उरले.

हे नुसते शब्दांचे भांडण नाही. गावात नळाची पाइपलाइन टाकायची, रस्ता पक्का करायचा तर परवानग्यांचा फेरा. त्यामुळे गावकऱ्याच्या लेखी उद्यान पुरेपूर लागू आहे. माळढोकाच्या लेखी मात्र ते जेवढ्या जागेला जाळीचे कुंपण घातले तेवढेच. नाव मोठे ठेवून काम अर्धे सोडले, याचा तोटा दोघांच्याही वाट्याला आला असे म्हणणे भाग आहे. आपल्या राज्यातला दाखला ताजा आहे: सोलापूर-नगरचे माळढोक अभयारण्य 1979 मध्ये तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचे केले, त्यात शेते, गावे, रस्ते सगळे आले, खरेदी-विक्री अडकली, लोक पक्ष्यावरच चिडले आणि शेवटी ते 1,222 वर आणावे लागले.

या पार्श्वभूमीवर थांबे बघितले की त्यांचे दोन गट पडतात: वाळूचे आणि गवताचे. गर्दी वाळूकडे, उद्यानाचा जीव गवतात. टेकड्यांची वाळू एकूण क्षेत्राच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यात आहे. बाकी खडकाळ बरड, कडक मैदाने आणि सेवण गवत.

सम हा वाळूचा मुख्य थांबा, जैसलमेरहून पश्चिमेला चाळीसेक किलोमीटर. संध्याकाळी उंट, जीप आणि गाण्याच्या आवाजात टेकडी दिसतच नाही. सूर्योदयाला गेले तर रात्रीच्या वाऱ्याने पावलांचे ठसे पुसलेले असतात आणि वाळूवरच्या बारीक लाटा कोवळ्या उन्हात उठून दिसतात. टेकडीची वाऱ्याकडची बाजू उतरती आणि टणक, पलीकडची तीव्र आणि भुसभुशीत. गाड्या फसतात त्या दुसऱ्या बाजूला. स्वतःची फोर-व्हील असेल तर वाळूत शिरण्याआधी टायरची हवा 18 ते 20 पीएसआयपर्यंत उतरवावी, म्हणजे टायर पसरून वाळूवर तरंगतो. चाक जागेवर फिरायला लागले की पाय ॲक्सिलरेटरवरून लगेच काढायचा. जोर लावला की दोन मिनिटांत गाडी ॲक्सलवर बसते. मग चारी चाकांमागची वाळू हाताने उकरून, खाली पोते किंवा पायपुसणे घालून, हळूच मागे घ्यायची. डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी हवा परत भरायची. विसरले तर टायर तापून कडेने फाटतो. खुडी हा नैऋत्येकडचा थांबा, तेवढ्याच अंतरावर, टेकड्या लहान पण गलबला कमी. वाळूच बघायची असेल तर तोच बरा.

गवताचा थांबा सुदासरी. हे कुंपण घातलेले क्षेत्र आहे. जैसलमेरच्या वन कार्यालयातून आधी परवानगी घेऊन जावे, वाटेत सहज थांबून आत शिरता येत नाही. शेळ्या आणि भटकी कुत्री बाहेर राहिल्यामुळे सेवण इथे गुडघ्याला लागते. माळढोक मीटरभर उंच, नर बारा-पंधरा किलोपर्यंतचा, तरी एकदम नजरेत भरत नाही, कारण पाठ मातीच्या रंगाची. गवतातून वर आलेली पांढरट मान शोधायची. लांबून ती रोवलेल्या खुंटीसारखी दिसते, आणि खुंटी चालायला लागली की समजायचे. उजाडता पोहोचावे. हिवाळ्यातही दहा वाजल्यानंतर जमीन तापून हवा थरथरते, मग चांगल्या दुर्बिणीतही नुसता हलता डाग दिसतो. गाडीतून उतरू नये: गाडीला पक्षी काही काळ सोसतो, चालत येणाऱ्या माणसाला नाही. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते, त्यामुळे ती उठली की अंडे उन्हात आणि कावळ्याच्या नजरेत. ‘जवळून एक फोटो’ची किंमत ही आहे. माळढोक नाही दिसला तरी चिंकारा, वाळवंटी कोल्हा आणि हिवाळी गिधाडे मिळतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा.

आकलचे जीवाश्म उद्यान याच फेरीत होते, जैसलमेरहून बारमेर रस्त्याने 17 किलोमीटर. अठरा कोटी वर्षांपूर्वीची, ज्युरासिक काळातली झाडे दगड होऊन पडली आहेत. साल, गाठी, सगळे लाकडासारखे, हात लावला की थंड दगड. सिरोंचा तालुक्यातले वडधमचे जीवाश्म उद्यान बघितलेल्याला नवल कमी वाटेल. तासाभरात उरकते.

या थांब्यांवर आता आणखी एका गोष्टीची सावली आहे, विजेच्या तारांची. थरच्या वाळवंटात सौर आणि पवनऊर्जा वाढली तशा तारा वाढल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात, समोरचे कमी दिसते; जड अंगामुळे ऐनवेळी वळता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये माळढोकाच्या पट्ट्यातल्या तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला. उच्च दाबाच्या तारांचे लांब अंतरावर ते जमत नाही, खर्च परवडत नाही, असा आक्षेप आला. मार्च 2024 मध्ये सुमारे 99,000 चौरस किलोमीटरवरचा सरसकट निर्बंध मागे घेऊन प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे गेला. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे, पण पक्षी उरले आहेत दीडशेच्या आत, आणि समितीची मुदत त्यांना लागू नव्हती. तारांना लटकवलेल्या फिरत्या चकत्या रस्त्यावरूनही दिसतात. त्या दिवसा उपयोगी पडतात, वाऱ्याने काही निखळतात, आणि अंधारात साध्या चकतीचा उपयोग नाही. वरोऱ्याच्या शेतांवरून जाणाऱ्या औष्णिक केंद्रांच्या तारांखाली उभे राहून हाच प्रश्न विचारता येतो.

2019 पासून समजवळ माळढोकाची अंडी कृत्रिमरीत्या उबवण्याचे केंद्र चालू आहे, दुसरे नंतर रामदेवऱ्याला झाले. 2024 मध्ये कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्मले. त्यामुळे ‘सम’ म्हटले की टेकड्या आणि केंद्र असे दोन अर्थ होतात. केंद्र पर्यटकांसाठी नाही. तिथे नेऊन पिल्ले दाखवतो म्हणणाऱ्या जीपवाल्याला पैसे देऊ नयेत, कुंपणाच्या पलीकडे तो नेऊ शकत नाही.