बिलिंगचा प्रोग्राम उघडायला वेळ का लागतो?

चवथीचा आठवडा. गिऱ्हाईक नारळ मोजून पोसऱ्यावर उभे आहे, वीज जाऊन नुकतीच आली आहे आणि पडद्यावर नुसते चक्र फिरते आहे. असे फोन आम्हांला, म्हणजे हा प्रोग्राम बनवणाऱ्यांना, पावसाळाभर येतात. पुढचा प्रश्नही ठरलेला: "नवा कॉम्प्युटर घेऊ काय?" जरा थांबा. आधी घड्याळ लावा.

सकाळी मशीन सुरू करून पाचेक मिनिटे जाऊ द्या. मग आयकॉनवर क्लिक करा आणि बिलात टाईप करता येईपर्यंतचे सेकंद मोबाईलवर मोजा. प्रोग्राम बंद करून लगेच पुन्हा उघडा, पुन्हा मोजा. पहिल्या खेपेस वीस सेकंद लागले आणि दुसऱ्या खेपेस पाच, तर वेळ बहुधा डिस्कवरून फायली वाचण्यात जातो. दुसऱ्यांदा विंडोज त्याच फायली मेमरीतून देते. अशा मशीनला एसएसडी, म्हणजे जलद वाचणारी डिस्क, बसवली तरी भागते. दोन्ही खेपा सारख्याच रेंगाळल्या, तर मशीनला बोल लावू नका. दोष आमच्याकडे असू शकतो.

आमचे प्रोग्राम पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले आहेत. नुसते पायथन उभे राहायला सेकंदाचा लहानसा अंश पुरतो. वेळ खातात ती त्याने सोबत उचलून आणलेली मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे. पायथन ३.७ पासून (२०१८) 'इम्पोर्टटाइम' नावाचा पर्याय आहे. तो लावून प्रोग्राम चालवला की प्रत्येक मॉड्यूलपुढे दोन आकडे येतात: एक त्याचा स्वतःचा वेळ, दुसरा त्याने ओढून आणलेल्या गोतावळ्यासकट. आकडे मायक्रोसेकंदात असतात, म्हणजे दहा लाखांचा एक सेकंद.

म्हापशातल्या एका किराणा दुकानात आम्ही हीच यादी काढली. सगळ्यांत मोठा एकत्रित आकडा 'पांडाज'समोर होता. हे आकडेमोडीचे भलेमोठे मॉड्यूल आम्हांला महिन्याच्या जीएसटी अहवालापुरतेच लागते, पण बोलावणे फायलीच्या पहिल्या ओळींत लिहिले होते, म्हणून एक किलो साखरेच्या बिलासाठीही ते रोज हजर होत होते. चूक आमचीच. आता ते बोलावणे अहवालाच्या फंक्शनमध्ये, म्हणजे फक्त अहवाल काढणाऱ्या कोडमध्ये, नेले आहे. फुकट काही मिळत नाही: अहवालाचे बटण पहिल्यांदा दाबाल तेव्हा पांडाज आणण्याचे तीन-चार सेकंद तिथे जातील. तिथे गिऱ्हाईक उभे नसते, एवढाच फायदा.

दुसरी गोष्ट आमच्या जुन्या ग्राहकांसाठी. पूर्वी आम्ही सगळा प्रोग्राम 'पायइन्स्टॉलर'ने एकाच एक्झी फाईलमध्ये बांधून देत असू. पेन ड्राईव्हवर न्यायला ते सोयीचे होते, पण अशी फाईल दर वेळी उघडताना आतला सगळा माल टेम्प फोल्डरमध्ये उपसते आणि अँटिव्हायरस तो पुन्हा तपासत बसतो. बंद करताना ती तो पसारा आवरतेही. मात्र मधेच वीज गेली तर आवरणे राहून जाते. आपल्याकडचा पावसाळा म्हटल्यावर विचारायलाच नको! काही मशीनांवर 'एमईआय' अक्षरांची अशी डझनभर फोल्डरे आम्ही पुसली आहेत. आता आम्ही फोल्डर-स्वरूपातला प्रोग्राम देतो; ज्यांच्याकडे अजून एकच फाईल आहे त्यांनी कळवावे, बदलून देऊ. अँटिव्हायरस मात्र बंद करू नका.

तिसरे कारण नेटवर्कचे. प्रोग्राम बराच वेळ अडून राहतो, टास्क मॅनेजरमध्ये (मशीनवर किती काम चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) सीपीयू जवळजवळ रिकामा दिसतो आणि मग एकदम सगळे सुरळीत होते, असे असेल तर तो बहुधा कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत असतो: काढून टाकलेला प्रिंटर, पत्ता बदललेला सर्व्हर. केबल बदलली, राऊटर हलवला, तर ते आम्हांला नक्की सांगा. प्रोग्राम शेअर केलेल्या फोल्डरमधून चालवू नका; डेटा तिथे असला तरी प्रोग्राम प्रत्येक काऊंटरच्या आपल्या डिस्कवरच असावा.

पायथन ३.११ मध्ये (२०२२) सुरुवात १० ते १५ टक्क्यांनी वेगवान झाली. तेवढ्यासाठी धावपळ करू नये असे आमचे मत आहे. विंडोज ७ वर पायथन ३.८ च्या पुढे जाताच येत नाही, त्यामुळे त्या ग्राहकांना हा लाभ नाही.

फोन करण्याआधी दोन्ही खेपांचे सेकंद आणि टास्क मॅनेजरचा एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. नुसते "स्लो आहे" असे लिहून आले की आमचा माणूस यायचा, पाहायचा आणि नेमका त्याच वेळी प्रोग्राम झटकन उघडायचा.