डेंटल कॉलेजच्या अर्जातला 'इतर उपक्रम' हा रकाना आला कुठून?

गेल्या मे महिन्यात न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला. अमेरिकेतल्या डेंटल कॉलेजांचे अर्ज नुकतेच खुले झाले होते. "मावशी, ढोल-ताशा पथक कुठे टाकू? एक्स्ट्राकरिक्युलरमध्ये की व्हॉलंटियरमध्ये?" मार्कांचा किंवा डॅट या प्रवेश परीक्षेच्या स्कोअरचा तिला घोर नव्हता. घोर होता तो दवाखान्यात बसून पाहिलेले तास, समाजसेवा, संशोधन, नोकरी आणि छंद या रकान्यांचा. प्रत्येक नोंदीपुढे कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याला किती तास आणि खातरजमेसाठी कुणाशी बोलायचं, हे सगळं भरायचं असतं. माझ्या पिढीला बीडीएसला बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळाला, पुढच्यांना सीईटीवर, आणि आता नीटवर मिळतो. तुम्ही गणपतीत ढोल वाजवता का, हे आपल्याकडे कुणी विचारलेलं नाही. तिथे का विचारतात, हे शोधायला गेले तेव्हा शंभर वर्षं मागे जावं लागलं.

सुरुवातीला तिथेही कुणी विचारत नव्हतं. होरेस हेडन आणि चेपिन हॅरिस यांनी १८४० साली बाल्टिमोरमध्ये जगातलं पहिलं डेंटल कॉलेज काढलं. तोवर लोक एखाद्या दंतवैद्याच्या हाताखाली उमेदवारी करून हे काम शिकत. पुढे खाजगी कॉलेजं भराभर निघाली. फी भरणारा विद्यार्थी मिळाला की त्यांचं भागत असे. १९२६ मध्ये कार्नेगी फाउंडेशनसाठी विल्यम गाइज यांनी लिहिलेल्या अहवालाने या प्रकाराला आळा घातला. डेंटल शिक्षण विद्यापीठांच्या छत्राखाली आणा आणि आधी किमान दोन वर्षं कॉलेज झालेलेच विद्यार्थी घ्या, असं त्यांचं म्हणणं होतं. ते हळूहळू मान्य झालं आणि प्रवेश गुणांवर येऊन ठेपला.

रकान्याचा उगम मात्र दंतवैद्यकाच्या बाहेरचा आहे, आणि तो वाचताना मला खरोखर त्रास झाला. १९२० च्या सुमारास हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन या विद्यापीठांत परीक्षेच्या जोरावर येणाऱ्या ज्यू मुलांची संख्या वाढत होती. ही बहुतेक पूर्व युरोपातून आलेल्या स्थलांतरितांची मुलं. हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांनी १९२२ मध्ये त्यांचं प्रमाण १५ टक्क्यांवर रोखायचा प्रस्ताव मांडला. उघड कोट्याला विरोध झाला, तेव्हा रस्ता बदलला. त्याच वर्षीच्या अर्जात वंश, धर्म, आईचं माहेरचं नाव आणि 'जन्मानंतर तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे का' असे प्रश्न आले. पाठोपाठ अर्जाला फोटो लागू लागला. आणि गुणांच्या जोडीला 'चारित्र्य', नेतृत्व, मैदानी खेळ, क्लबांतला वावर यांना वजन आलं. दुकानात बापाला हातभार लावणाऱ्या मुलाकडे रोइंगचं पदक कुठून असणार? परीक्षेत पुढे असलेल्याला मागे ठेवायला हे मोजमाप सोयीचं होतं.

डेंटल कॉलेजंही यातून सुटली नाहीत. १९४५ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या शिक्षण परिषदेचे सचिव हार्लन हॉर्नर यांनी कोलंबिया आणि न्यूयॉर्क विद्यापीठांच्या डेंटल कॉलेजांत एकाच समाजाची मुलं फार झाल्याची तक्रार केली. अटलांटाच्या एमरी विद्यापीठाच्या डेंटल कॉलेजच्या अर्जात तर 'कॉकेशियन (म्हणजे गोरे), ज्यू, इतर' अशा चौकटी होत्या. तिथे १९४८ ते १९६१ या काळात ६५ टक्के ज्यू विद्यार्थी एक तर नापास झाले किंवा त्यांना वर्ष अथवा विषय पुन्हा करावे लागले. 'दंतवैद्यासाठी लागणारा हात तुमच्याकडे नाही,' असं सांगून मुलांना घरी पाठवलं जाई. एमरीने त्याबद्दल जाहीर माफी मागितली ती २०१२ मध्ये. तोपर्यंत ती मुलं म्हातारी झाली होती.

हाताची गोष्ट निघालीच आहे, तर रकान्याचं दुसरं मूळ तिथेच आहे. डेंटल प्रवेशाची देशव्यापी परीक्षा १९५० मध्ये सुरू झाली. तिच्यात कागद-पेन्सिलीच्या प्रश्नांबरोबर खडू कोरायचा असे. पुढ्यात खडूचा तुकडा, चाकू आणि एक रेखाचित्र. चित्रातल्या मापाबरहुकूम कडा सरळ, कोन नेमके, पृष्ठभाग सपाट यायला हवेत. जरा जोर जास्त पडला की खडू तुटलाच. आपल्याकडे बीडीएसच्या पहिल्या वर्षाला मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरताना ज्यांची बोटं कापली आहेत, त्यांना त्या परीक्षेतला घाम सांगायला नको. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हे कोरणं बंद झालं. आता संगणकावर घडी घातलेल्या कागदाला पाडलेली भोकं उलगडल्यावर कुठे दिसतील, कुठला कोन लहान, असे प्रश्न येतात. नजरेची परीक्षा होते, बोटांची होत नाही. म्हणून, मला वाटतं, व्हायोलिन, विणकाम, कुंभारकाम, दागिने घडवणं हे छंद अर्जात इतके दिसतात. परीक्षेतून गेलेला खडू छंदांच्या वाटेने परत आला.

१९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या 'बाकी' (Bakke) नावाच्या खटल्याने चित्र पुन्हा पालटलं. वंशाच्या आधारे ठरावीक जागा राखून ठेवता येणार नाहीत, पण उमेदवाराच्या एकूण जडणघडणीत त्याचाही विचार करता येईल, असं ठरलं. न्यायमूर्ती पॉवेल यांनी नमुना म्हणून दाखवली ती हार्वर्डचीच पद्धत. म्हणजे अनुभव, नेतृत्व, सेवा हे जे निकष मुलांना बाहेर ठेवायला आले होते, तेच आता वगळलेल्यांना आत घ्यायला वापरता येणार होते.

डेंटल कॉलेजांना मात्र तेव्हा निवडीपेक्षा विद्यार्थी मिळण्याची चिंता होती. १९८० च्या दशकात अर्ज इतके घटले की एमरी, जॉर्जटाउन, सेंट लुईसचं वॉशिंग्टन विद्यापीठ अशा नामांकित ठिकाणची डेंटल कॉलेजं पुढच्या काही वर्षांत बंद पडली. गर्दी परत वाढली १९९० नंतर, आणि त्यातच २००० साली अमेरिकी सरकारचे सर्जन जनरल, म्हणजे प्रमुख आरोग्य अधिकारी, डेव्हिड सॅचर यांचा मुखारोग्यावरचा अहवाल आला. गरीब आणि अल्पसंख्याक समाजातल्या दातांच्या आजारांना त्यात 'मूक साथ' म्हटलं होतं. २००७ मध्ये मेरीलँडमधल्या १२ वर्षांच्या मुलाच्या किडलेल्या दाताचा संसर्ग मेंदूपर्यंत गेला आणि तो दगावला. वेळेत दात काढला असता, तर मुलगा वाचला असता.

अशा काळात सेवेचा रकाना नुसता शोभेचा राहू शकत नव्हता. व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात वाइज नावाची काउंटी आहे. २००० पासून बरीच वर्षं तिथल्या जत्रेच्या मैदानावर जुलैत मोफत शिबिर भरे. लोक आदल्या रात्रीच येऊन गाडीत झोपत. तंबूत ओळीने मांडलेल्या घडीच्या खुर्च्यांवर दिवसभर दात काढणं चाले. अशा शिबिरांत कॉलेजात जाणारी मुलंमुली पेशंटला खुर्चीपर्यंत नेतात, टॉर्च धरतात, हत्यारं निर्जंतुकीकरणाला पोचवतात. तिशीतल्या बाईचे सगळे दात एका बैठकीत निघताना ज्या मुलीने टॉर्च धरला, तिला मुलाखतीत 'दंतवैद्य का व्हायचंय' हे सांगायला पाठांतर लागत नाही.

तरी जुनी अडचण संपलेली नाही. अनेक कॉलेजं १०० तासांच्या आसपास शॅडोइंग पाहतात, म्हणजे दंतवैद्याच्या बाजूला उभं राहून काम बघणं. ज्याचा काका डेंटिस्ट, त्याचे हे तास सुट्टीत पुरे होतात. जो संध्याकाळी पेट्रोल पंपावर उभा असतो, त्याने ते कधी करायचे? नोकरीचा रकाना म्हणूनच मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो वाचणाऱ्याने सर्वांत आधी वाचावा असंही वाटतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचारच थांबवला. आपल्या वंशाचा आयुष्यावर काय परिणाम झाला हे उमेदवार स्वतःच्या निबंधात लिहू शकतो, एवढी वाट ठेवली. त्यामुळे ४,५०० अक्षरांच्या निबंधावर आणि या नोंदींवर आता पूर्वीपेक्षा जास्त भार आहे.

आपल्याकडून बीडीएस करून जाणाऱ्यांना हा धक्का उशिरा बसतो. परदेशी पदवीधरांसाठीच्या कॅपिड अर्जातही अनुभवाच्या नोंदी लागतात. पुढे बेंच टेस्टमध्ये, म्हणजे हातकामाच्या परीक्षेत, टायपोडॉन्टवर (नकली दातांच्या जबड्यावर) दात कापून दाखवता येतो, पण नोंदी ऐन वेळी तयार होत नाहीत. मग एनएसएसचा कॅम्प, झेडपीच्या शाळेतली दंततपासणी, तंबाखूविरोधी फेरी आठवू लागते. कामं केलेली असतात, तारखा कुणी लिहून ठेवलेल्या नसतात.

भाचीने ढोल शेवटी एक्स्ट्राकरिक्युलरमध्ये टाकला. मग म्हणाली, "आजीला कवळी बसवायला नेत होते ना मी, दोन वर्षं? डॉक्टरचं तिला मराठीत सांगायचे आणि तिचं त्यांना इंग्लिशमध्ये. ते कुठे लिहू?" आम्ही रकाने वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचले. आठवड्याचे तास कसेबसे मांडता आले. खातरजमेसाठी नाव हवं होतं, तिथे आम्ही दोघी अडलो. तिने त्या डॉक्टरांना विचारायचं ठरवलं आहे.