लठ्ठपणा : २३, २५ की ३०?

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड भारतात आलं. आठवड्यातून एकदा टोचायची ही वजन उतरवणारी इंजेक्शनं मधुमेहाच्या दवाखान्यांतून बघता बघता लग्नसमारंभांतल्या गप्पांपर्यंत पोहोचली. ती कुणी घ्यायची? माहितीपत्रक म्हणतं, बीएमआय (किलोंतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) ३० किंवा जास्त, नाहीतर २७ आणि जोडीला मधुमेह किंवा रक्तदाबासारखं एखादं दुखणं. पण तीच इंजेक्शनं लिहून देणारे डॉक्टर गेली पंधरा-सोळा वर्षं बीएमआय २५ झाला की केसपेपरवर लठ्ठपणा लिहीत आलेत. एकाच टेबलावर दोन व्याख्या आहेत, आणि दोन्ही अधिकृत आहेत.

चरकसंहितेने अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांनाही निंद्य शरीरांत गणलं, हे आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं. व्यवहारात मात्र सुटलेलं पोट ही खात्यापित्या घरची खूण होती. आधुनिक वैद्यकाचीही मजल बराच काळ ‘जिभेला आवर घाला’ याच्यापुढे गेली नाही. औषधं यायची आणि बदनाम होऊन जायची. १९३० च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफेनॉलचं वेड आलं. स्फोटकांच्या कारखान्यातलं हे रसायन शरीराची भट्टी अशी पेटवायचं की काही माणसं अंग तापून दगावली, काहींना मोतीबिंदू झाला. पुढे फेन-फेनची जोडगोळी हृदयाच्या झडपा बिघडवते म्हणून १९९७ मध्ये गेली. रिमोनाबंटने लोक नैराश्यात जाऊ लागले, त्याची युरोपातली विक्री २००८ मध्ये थांबली. सिब्युट्रामिनवर भारतात २०११ मध्ये बंदी आली. वजनाच्या औषधाचं नाव काढलं की जुन्या फॅमिली डॉक्टरांच्या कपाळावर आजही आठी पडते, ती उगाच नाही.

कारणांचा शोध खऱ्या अर्थाने मार्गी लागला तो उंदरांमुळे. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एका प्रयोगशाळेत असे उंदीर जन्मले, जे सतत खात सुटायचे आणि भावंडांच्या कितीतरी पट जाड व्हायचे. पंधराएक वर्षांनी तिथेच तशाच लठ्ठ, पण मधुमेहीही असलेल्या उंदरांची दुसरी जात सापडली. मग दोन उंदरांचं रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडून पाहिलं गेलं. पहिल्या जातीचा उंदीर साध्या उंदराला जोडला, तर त्याचं खाणं कमी झालं. तोच दुसऱ्या जातीच्या उंदराला जोडला, तर त्याने खाणंच सोडलं आणि उपाशी मेला. दुसऱ्या जातीचा जोडीदार मात्र निवांत जाडच राहिला. याचा अर्थ एकाच्या शरीरात ‘पोट भरलं’ हा निरोप तयारच होत नव्हता, आणि दुसऱ्याच्या शरीरात निरोप भरपूर असूनही तो कुणी ऐकत नव्हतं.

तो निरोप कोणता, हे कळायला डिसेंबर १९९४ उजाडला. लेप्टिन नावाचं हे संप्रेरक खुद्द चरबीच तयार करते. निव्वळ साठवणीची कोठी समजली जाणारी चरबी मेंदूशी बोलते, हा मोठाच धक्का होता. १९९५ मध्ये एका औषध कंपनीने त्याच्या हक्कांसाठी दोन कोटी डॉलर मोजले. १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातल्या दोन मुलांच्या शरीरात लेप्टिन जवळजवळ नसल्याचं आढळलं. थोरल्या मुलीचं वजन आठव्या वर्षी ८६ किलो होतं. इंजेक्शनं सुरू झाल्यावर तिची भूक ताळ्यावर आली, वजन उतरलं. सर्वसामान्य लठ्ठ माणसांवर मात्र १९९९ च्या चाचणीत जेमतेम परिणाम दिसला, कारण त्यांच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असतं. ते त्या दुसऱ्या उंदरासारखे असतात. याला लेप्टिनचा फुगा फुटला असं म्हणतात. माझ्या मते त्या फुग्याने एक काम चोख केलं: इच्छाशक्तीवर प्रवचन देणाऱ्यांच्या पायाखालची सतरंजी काढली.

खरं तर १९९० मध्येच एका प्रयोगात जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांना शंभर दिवसांतले ८४ दिवस रोज हजार कॅलरी जादा खायला घातल्या होत्या. पंगत एकच, वाढणी एकच. पण कुणाचं वजन चार किलोंनी वाढलं तर कुणाचं तेरा. आणि जुळ्यांपैकी एकाचं जितकं वाढलं, साधारण तितकंच दुसऱ्याचंही.

आता त्या आकड्यांकडे वळू, कारण सगळा घोळ तिथे आहे. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं हे सूत्र १८३० च्या दशकातल्या एका बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाचं. त्याला आजारी माणूस शोधायचा नव्हता, ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. सूत्राला बीएमआय हे नाव मिळालं १९७२ मध्ये, तेही पुरुषांच्याच मोजमापांवरून. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जागतिक पातळीवर २५ म्हणजे अतिवजन आणि ३० म्हणजे लठ्ठपणा असं ठरलं. जून १९९८ मध्ये अमेरिकेने आपली सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपासची रेषा २५ वर आणली आणि अडीच-तीन कोटी माणसं झोपेतून उठली ती अतिवजनाची होऊन.

या रेषा मुख्यतः गोऱ्या लोकांच्या आजार आणि मृत्यूंच्या आकडेवारीवर बेतलेल्या होत्या. आशियात मधुमेह त्याच्या बराच आधी गाठतो, हे दिसत होतं. म्हणून २००० मध्ये आशिया-पॅसिफिकसाठी २३ आणि २५ अशा रेषा सुचवल्या गेल्या. पण २००२ मध्ये सिंगापूरला तज्ज्ञ पुन्हा बसले आणि त्यांनी पाऊल मागे घेतलं. हाँगकाँगचा माणूस, इंडोनेशियाचा माणूस आणि भारतीय माणूस यांच्यात इतका फरक आहे की सगळ्या आशियाला एक रेषा लावता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. २५ आणि ३० कायम ठेवून त्यांनी २३, २७.५, ३२.५ आणि ३७.५ हे ‘कृतीचे टप्पे’, म्हणजे उपाय कुठून सुरू करायचे ते सांगणारे आकडे, जोडले. शास्त्र म्हणून हे प्रामाणिक होतं. निर्णय म्हणून मात्र धड ना इकडे, धड ना तिकडे. दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरने यातला कुठला आकडा धरायचा?

भारतीय तज्ज्ञांनी मग आपलं आपण ठरवलं. २००८ मध्ये दिल्लीत बैठक झाली आणि पुढच्या वर्षी छापून आलं: २३ पासून अतिवजन, २५ पासून लठ्ठपणा, कंबर पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत. रेषा खाली आणल्या की औषधवाल्यांचं फावतं, हा आक्षेप तेव्हाही होता. तो सर्वस्वी खोटा नाही. पण या बाजूचा पुरावा आपल्या दारातलाच आहे.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला. बाळांचं सरासरी जन्मवजन २.७ किलोंच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवर कातडीखालची चरबी मात्र बरीचशी राखलेली. वरून किडकिडीत, आतून चरबीचं अशी ही शरीराची घडण आईच्या पोटातूनच येते. २००४ मध्ये एक फोटो छापून आला आणि जगभर फिरला. पुण्याचा एक डॉक्टर आणि त्याचा ब्रिटिश मित्र शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय २२.३. ब्रिटिशाच्या अंगात चरबी ९.१ टक्के, पुणेकराच्या २१.२. ब्रिटिश गृहस्थ मॅरेथॉन धावणारे आणि पुणेकराचा मुख्य व्यायाम म्हणजे लिफ्टचं दार मिटायच्या आत धावत जाणं, हे त्यांनी स्वतःच मिश्कीलपणे नोंदवलंय. तेवढी सूट दिली तरी आकडा बोलतो.

आपल्याकडच्या पाहण्यांमध्येही शब्दांचा घोळ आहेच. कुटुंब आरोग्य पाहणी २५ आणि पुढच्यांना ‘अतिवजन किंवा लठ्ठ’ अशा एकाच खान्यात टाकते. २०१९-२१ मध्ये त्या खान्यात २४ टक्के स्त्रिया होत्या. मधुमेहाची देशव्यापी पाहणी त्याच २५ ला सरळ लठ्ठपणा म्हणते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला तिचा आकडा २८.६ टक्के, आणि कंबर मोजली तर ३९.५ टक्के. मराठी बातमीत दोन्हींचं भाषांतर ‘लठ्ठ’ असंच होतं, कारण ‘अतिवजन’ हा शब्द कुणाच्या तोंडी बसलाच नाही. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी तो शब्दच काढून टाकला. आता २३ च्या वर पहिल्या टप्प्याचा लठ्ठपणा. कंबर वाढलेली आणि त्यापायी आजार किंवा हालचालींत अडथळा असेल तर दुसऱ्या टप्प्याचा. त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनीही नुसत्या बीएमआयवर निदान करू नका, असं सांगितलं.

इंजेक्शनांची गोष्ट एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. आतड्यातलं जीएलपी-१ हे भूक आवरणारं संप्रेरक १९८० च्या दशकात ओळखलं गेलं, पण ते रक्तात दोनेक मिनिटंच टिकायचं. १९९२ मध्ये गिला मॉन्स्टर या विषारी पालीच्या विषात त्याचा टिकाऊ भाऊबंद सापडला आणि २००५ मध्ये त्यावरून मधुमेहाचं औषध आलं. २०२१ च्या चाचणीत त्याच घराण्यातल्या सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरवलं. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. त्या चाचणीतही प्रवेशाची अट तीच, ३० किंवा २७, आणि माहितीपत्रकावर ती तशीच उतरली.

विम्याचं गणित तर आणखी वेगळं. भारतीय तज्ज्ञांनी वजन उतरवण्याच्या जठराच्या शस्त्रक्रियेसाठी ३७.५ ही रेषा, आणि जोडीला आजार असेल तर ३२.५, असं २००९ मध्येच सांगून ठेवलंय. आरोग्यविम्याच्या २०१९ च्या नियमांतली अट मात्र ४०, आणि गंभीर आजार असेल तर ३५. म्हणजे बीएमआय ३३, कंबर १०५ सेंटिमीटर आणि दहा वर्षांचा मधुमेह असलेला गृहस्थ भारतीय व्याख्येनुसार दुसऱ्या टप्प्याचा लठ्ठ आहे, इंजेक्शनाच्या माहितीपत्रकात बसतो, शस्त्रक्रियेच्या भारतीय निकषातही बसतो, आणि विम्याच्या निकषात दोन गुणांनी नापास होतो.