दिसतं तसं छापतं, पण साठतं कसं?

संगणकावर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ‘कि’ टाइप करा आणि एकदाच बॅकस्पेस दाबा. कर्सर ‘क’च्या उजवीकडे उभा आहे, पण बहुतेक ठिकाणी पुसली जाते ती डावीकडची वेलांटी. आता ‘अर्क’ लिहून तेच करा. ‘क’ जातो, त्याच्या डोक्यावरचा रफार मात्र जात नाही. तो खाली उतरून पाय मोडका ‘र्’ होतो. पडद्यावर एक दिसतं आणि फाइलच्या पोटात दुसरंच असतं.

गंमत अशी की, लेखनाच्या सॉफ्टवेअरमधली सगळ्यात गाजलेली संज्ञा नेमकं याच्या उलट सांगते. ‘विझिविग’ म्हणजे ‘व्हॉट यू सी इज व्हॉट यू गेट’: पडद्यावर जे दिसेल तेच कागदावर उतरेल. फ्लिप विल्सन या अमेरिकन विनोदी नटाने रंगवलेल्या जेराल्डीनच्या तोंडी हे वाक्य असायचं, आणि १९७० च्या आसपास ते तिकडे घरोघरी पोचलं होतं. संगणकवाल्यांनी ते उचललं.

आज यात विशेष काय, असं वाटेल. पण वर्डस्टार या जुन्या लेखन-सॉफ्टवेअरवर काम केलेल्या कुणालाही विचारा. अक्षर ठळक हवं तर कंट्रोल धरून पी आणि बी दाबायचं, पडद्यावर एक खूण उमटायची आणि अक्षर होतं तसंच राहायचं. नवं पान हवं तर ओळीच्या सुरुवातीला टिंब देऊन ‘पीए’ लिहायचं. पान कसं झालंय ते प्रिंट हातात आल्यावर कळायचं.

यातून सुटकेची वाट झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात सापडली. तिथल्या १९७३ च्या ‘आल्टो’ संगणकाचा पडदा कागदासारखा उभा होता, ६०६ बाय ८०८ ठिपक्यांचा, आणि त्यातला प्रत्येक ठिपका वेगळा काळा-पांढरा करता यायचा. खरी किल्ली हीच. साच्यातली ठरावीक अक्षरं दाखवण्याऐवजी अक्षराचं चित्रच काढायचं ठरलं, की मग ते ठळक, तिरकं, लहान-मोठं, कसंही काढता येतं. बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी १९७४ मध्ये यावर ‘ब्राव्हो’ हा एडिटर उभा केला. दिसायला देखणा, वापरायला खट्याळ. आज्ञा देण्याच्या स्थितीत असताना चुकून ‘एडिट’ हा शब्द टाइप झाला, तर ई म्हणजे सगळं निवडा, डी म्हणजे पुसा, आय म्हणजे घाला, आणि शेवटी उरायचा तो एकटा टी! हा जाच लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी पुढच्या ‘जिप्सी’त काढून टाकला. सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि तिथे वर्ड घडलं.

ॲपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकाने हे सामान्य माणसाच्या टेबलावर आणलं. त्याच्या पडद्यावर एका इंचात ७२ ठिपके होते, आणि मुद्रणात अक्षराचा आकार मोजायचा ‘पॉइंट’ही इंचाचा बहात्तरावा भाग धरला गेला. त्यामुळे पडदा आणि कागद यांचं माप जुळलं. पुढच्याच वर्षी पानं जुळवायचं पेजमेकर हे सॉफ्टवेअर आणि ॲपलचा लेझर प्रिंटर आले आणि छपाईचं काम टेबलावर मावू लागलं. आपल्याकडे गल्लोगल्ली ‘डीटीपी’च्या पाट्या लागल्या त्या याच तंत्राच्या जोरावर.

पण माझ्या मते, इथेच मराठीने विझिविग जरा जास्तच मनावर घेतलं. टाइपरायटरवर आधी वेलांटी आणि मग अक्षर उमटवायचं, कारण कागदावर वेलांटी आधी येते. जुन्या फॉन्टांनी तीच रीत उचलली आणि रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. त्यातल्या कृतिदेव फॉन्टमध्ये ‘किती’ लिहिलं तर फाइलमध्ये साठतात एफ, डी, आर, एच ही रोमन अक्षरं. एफ म्हणजे वेलांटी, डी म्हणजे ‘क’. छापलं की झकास. मात्र तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की नुसतं गिचमिड, आणि ‘किती’ शोधायला जावं तर संगणकाच्या लेखी त्यात मराठी अक्षर एकही नाही. युनिकोडने हे उलटवलं: साठवायचं उच्चाराच्या क्रमाने, आधी क, मग वेलांटी, ती डावीकडे काढून दाखवणं हे फॉन्टचं आणि अक्षरजुळणी करणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम.

हाच घोळ युनिकोडमध्ये लिहूनही घालता येतो. वर्डमध्ये मथळा निवडून नुसता ठळक आणि मोठा केला, तर डोळ्यांना तो मथळा. संगणकाला मात्र जाड अक्षरांतला एक परिच्छेद. ‘हेडिंग’ची स्टाइल लावली, तर दिसायला कदाचित तसंच दिसेल, पण अनुक्रमणिका आपोआप बनेल, आणि दृष्टिहीन वाचकाला स्क्रीन रीडरवरून एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारता येईल. वेबवर तर कागदच नाही. मोबाइलवर ओळी वेगळ्या तुटणार, मोठ्या पडद्यावर वेगळ्या. त्यामुळे तिथल्या ‘व्हिज्युअल एडिटर’मध्ये जे दिसतं तो फार तर एक अंदाज असतो.

दिसण्याची पक्की हमी हवी असेल तर पीडीएफ आहे. पान कुठेही उघडा, काना-मात्रा हलणार नाही. त्यातला मराठी मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवून बघा. बऱ्याचदा वेलांट्या भलत्याच अक्षरांना लागलेल्या असतात, जोडाक्षरं फुटलेली असतात, कारण पानावर कुठली आकृती कुठे काढायची हे फाइलने नीट जपलेलं असतं. कुठलं अक्षर आधी आणि कुठलं नंतर, ते नसतं.