अर्ध्या लिटरच्या सहा पिशव्या

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारी दुकानं आहेत. तिथे फळीवर ठेवलेलं टोयोटाचं टू-जेझेड इंजिन बघून माझ्यासोबतचे मिस्त्री एवढंच म्हणाले, "साहेब, ही तर मालगाडी!"

सहा सिलिंडर, एकामागे एक, सरळ ओळीत. मुंबईत रोज दिसणाऱ्या बहुतेक गाड्यांचं तीन-चार सिलिंडरचं इंजिन बॉनेटखाली आडवं बसतं. ही मालगाडी आडवी मावत नाही. ती गाडीच्या लांबीच्या दिशेनं ठेवतात आणि सहसा मागची चाकं फिरवते.

1991 साली आलेल्या या इंजिनाचा हिशेब गमतीचा आहे. सिलिंडरचा व्यास 86 मिलिमीटर, पिस्टनची धावही 86 मिलिमीटर. गणित केलं की एका सिलिंडरचे जेमतेम 500 सीसी भरतात, म्हणजे दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी. अशा सहा मिळून 2997 सीसी. टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नसलेल्या प्रकाराची ताकद सुमारे 220 अश्वशक्ती. दोन टर्बोवाल्याची जपानमध्ये 280, तीही कागदोपत्री, कारण तिथल्या कंपन्यांनी त्याहून मोठा आकडा जाहीर करायचा नाही असं आपसात ठरवलं होतं. टोयोटाच्या 'सुप्रा' गाडीमुळे गाजलं ते टर्बोवालं. मला साधंच जास्त आवडतं.

त्याचं कारण त्याचा गुळगुळीतपणा. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, म्हणजे हिशेब चुकता व्हायला हवा. तो होत नाही. पिस्टनला क्रँकशी, म्हणजे त्याची वर-खाली धाव गोल फिरवणाऱ्या दांड्याशी, जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यामुळे पिस्टन वरच्या टप्प्यात खालच्यापेक्षा जोरात धावतो आणि क्रँकच्या एका फेरीत दोनदा येणारा धक्का शिल्लक उरतो. सरळ सहामध्ये पहिला-सहावा, दुसरा-पाचवा, तिसरा-चौथा अशा जोड्या असतात आणि या जोड्या एकमेकींपासून 120 अंशांवर. त्यांचे धक्के आपसातच फिटतात. शिवाय इंजिनाचा मागचा अर्धा भाग पुढच्याचं आरशातलं प्रतिबिंब असतो, त्यामुळे ते पुढे-मागे डुलतही नाही. व्ही आकाराचं सहा सिलिंडरचं इंजिन आखूड असतं, आडवंही बसतं, पण त्यात हे डुलणं राहतंच.

फुकट मात्र काही मिळत नाही. लांब इंजिनाचा क्रँकही लांब, आणि दर 120 अंशांनी बसणाऱ्या ठोक्यानं तो केसभर पिळला जातो, पुन्हा उलगडतो. हे पिळणं शोषायला पुढच्या पुलीत दोन लोखंडी कड्यांमध्ये रबराचा पट्टा भरलेला असतो. वर्षानुवर्षं तापून तो कडक होतो, सुटतो. मग बाहेरचं कडं डगमगतं, पुलीवरचा बेल्ट चिरकतो आणि वेळीच पाहिलं नाही तर कडं मागे सरकून टायमिंग बेल्टच्या कव्हरला घासतं.

या इंजिनाची दुखणी बघा, बहुतेक रबराचीच. ओतीव लोखंडाचा ब्लॉक दणकट, त्याची तक्रार क्वचित. टायमिंग बेल्ट, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या चालीशी जुळवणारा पट्टा, साधारण लाखभर किलोमीटरला बदलायचा, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असल्यानं तोही सोबतच उरकायचा. जुन्या साध्या प्रकारात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह वाचतात. साध्याच्याच नंतरच्या व्हीव्हीटी-आय (व्हॉल्व्हच्या वेळा आपोआप बदलणाऱ्या) प्रकारात पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, रबरी गास्केट कडक झालं की तेल स्पार्क प्लगच्या खोबणीत उतरतं आणि गाडी मिसिंग मारते, म्हणजे अडखळत चालते. अशा वेळी नवे प्लग टाकून काही उपयोग नाही, गास्केटच बदलावं लागतं. सकाळी पहिल्या स्टार्टला निळसर धूर दिसला तर व्हॉल्व्हची सीलं संपली समजावं.

मुंबईत किलोमीटरचा आकडा फसवतो. ताशी 15 किलोमीटरनं सरकणारी गाडी हजार तासांत 15,000 किलोमीटर जाते, ताशी 80 नं पळणारी तेवढ्याच तासांत 80,000. रबराला किलोमीटर कळत नाहीत. त्याला वर्षं आणि उष्णता कळते. म्हणून इथे टायमिंग बेल्ट तारखेवर बदलावा, मीटरवर नव्हे.

आणि पावसाळा. या इंजिनाच्या जुन्या साध्या प्रकारात हवा दाबण्याचं प्रमाण दहास एक, म्हणजे पिस्टन अगदी वर आला की त्याच्या डोक्यावर जेमतेम 55 मिलिलिटर जागा उरते. कटिंग चहाहून कमी. हवा दाबली जाते, पाणी नाही. हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यात एअर फिल्टरमधून त्याहून जास्त घोट आत गेला, तर पिस्टन अडतो आणि रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला म्हणून पुन्हा चावी मारायची नाही. ढकलत कोरड्यावर आणायची, सहाही प्लग काढायचे आणि मगच इंजिन फिरवायचं. पाणी असेल तर त्या भोकांतून बाहेर पडतं.