डोळ्यांच्या मुखवट्यांमागे बीटल्स नव्हते

‘द रेसिडेंट्स’ हा अमेरिकी बँड म्हणजे वेषांतर केलेले बीटल्स, ही वावडी वर्षानुवर्षे फिरते आहे. ती साफ खोटी आहे. मूळ सापडतं रेसिडेंट्सच्या १९७४च्या पहिल्या अल्बमच्या वेष्टनावर: बीटल्सचाच जुना फोटो, पण चेहऱ्यांवर वेडीवाकडी रेघाटणी. ती टिंगल होती, कबुली नव्हे! शिवाय सगळे सदस्य निनावी. १९७९पासून तर डोक्यावर भलामोठा डोळा आणि वर उंच टोपी.

खरं तर ही मंडळी लुइझियानाची. कॅलिफोर्नियात येऊन १९७२मध्ये त्यांनी ‘राल्फ रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली. २०१७मध्ये हार्डी फॉक्स यांनी आपणच मुख्य संगीतकार असल्याचं उघड केलं. पुढच्याच वर्षी ते गेले. इतकं अफाट काम करणाऱ्या माणसाचं श्रेय बीटल्सच्या खात्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.